दुसऱ्या पायरीचा न्याय

कोणत्या गोष्टीकडे लक्ष द्यावे हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न आहे, की त्यात कर्तव्याचाही काही अंश असतो? वरवर पाहता तो आवडीचाच वाटतो. ज्याला जे रुचेल ते त्याने पाहावे. त्यात नीतीचा संबंध काय? परंतु पांढुर्णा-सौंसरच्या माणसाला हे उत्तर पुरेसे वाटणार नाही. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. आमच्या बागांतला संत्रा बाजारात नागपुरी म्हणून विकला जातो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात गोटमार झाली की वृत्तपत्रांना आमची आठवण होते, आणि उरलेले वर्ष शांततेत जाते. 2023 साली पांढुर्णा जिल्हा झाला, तेव्हा कुठे नकाशावर आमचे नाव जरा ठळक झाले. दुर्लक्षाचा असा परिचय असल्यामुळे एका दूरच्या दुर्लक्षाविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात. विषय फुटबॉलचा आहे. पण सुज्ञ वाचकांनी तो खेळापुरता समजू नये.

आपल्या देशात व्यावसायिक फुटबॉलची राष्ट्रीय साखळी स्पर्धा 1996 साली सुरू झाली. 2007 पासून ती आय-लीग म्हणून ओळखली जाऊ लागली. तिच्यावर गोव्याचा मोठा ठसा होता. धेंपो संघाने दोन्ही नावांच्या काळात मिळून पाच वेळा विजेतेपद मिळवले. साळगावकर आणि चर्चिल ब्रदर्स यांनीही ते प्रत्येकी दोनदा जिंकले. मुंबईच्या महिंद्र युनायटेडने 2005-06 मध्ये तो मान पटकावला होता. पुढे 2014 साली इंडियन सुपर लीग आली. शहरवार संघ, नामांकित मालक, चित्रपटतारे आणि झगमगाट यांसह ती अवतरली आणि पाहता पाहता सारे लक्ष तिकडे वळले. 2019 मध्ये आशियाई फुटबॉल महासंघाने संमत केलेल्या आराखड्यानुसार तीच देशातील अव्वल स्पर्धा ठरली आणि आय-लीग दुसऱ्या पायरीवर गेली.

पायरी दुसरी असणे यात अन्याय नाही. सर्वांनाच पहिल्या पायरीवर उभे राहता येत नाही. प्रश्न आहे तो दुसरीवरून पहिलीवर जाण्याच्या वाटेचा. शासकीय सेवेत आयुष्य घालवलेल्या माणसाला पदोन्नती या शब्दाचे मोल निराळे सांगावे लागत नाही. ज्या संवर्गाला वरची वाट बंद असते, तेथे कर्तबगार माणूसही हळूहळू फायलींवर केवळ सह्या करू लागतो. 2016-17 मध्ये मिझोरामच्या आयझॉल संघाने मोहन बागानला एका गुणाने मागे टाकून आय-लीग जिंकली. आदल्याच हंगामात हा संघ घसरून खाली गेला होता. पुढील स्वरूपाविषयीच्या नाराजीतून गोव्याचे संघ स्पर्धेतून बाहेर पडले आणि आयझॉलला जागा मिळाली. त्या मिळालेल्या जागेचे त्यांनी सोने केले. परंतु त्याच वर्षी सुपर लीगमध्ये नवे संघ आले ते निविदा भरून. कोझिकोडच्या गोकुलम केरळने 2020-21 आणि 2021-22 असे लागोपाठ दोन वर्षे विजेतेपद मिळवले. तरी वरचे दार उघडले नाही, कारण बढतीची तरतूद 2022-23 च्या विजेत्यापासून होती. त्यानंतर पंजाब आणि पाठोपाठ मोहम्मेडन स्पोर्टिंग हे संघ खेळाच्या बळावर वर गेले. मात्र 2024-25 च्या हंगामापर्यंत सुपर लीगमधून एकही संघ निकृष्ट खेळासाठी खाली आला नाही.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो बळकट आहे. प्रेक्षक उत्तम खेळ पाहतो. दुय्यम दर्जाकडे त्याने दयेपोटी का पाहावे? दयेपोटी पाहू नयेच, असे आम्हीही म्हणतो. दयेने दिलेले लक्ष टिकत नाही आणि घेणाऱ्यालाही ते लाजवते. पण दर्जाविषयीची आपली खात्री पुष्कळदा न पाहताच झालेली असते. मे 2022 मध्ये आशियाई स्पर्धेत याच गोकुलम संघाने कोलकात्यात जाऊन सुपर लीगमधील एटीके मोहन बागानला 4-2 असे हरवले. आयझॉलला विजेतेपद मिळवून देणारे प्रशिक्षक खालिद जमील यांनी त्यापूर्वी अनेक वर्षे मुंबई एफसी हा साधासा संघ सांभाळला होता. 2025 मध्ये त्यांची भारतीय संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी निवड झाली. वरच्या मजल्यावरचे वैभव खालच्या मजल्यावर घडत असते, हे याहून स्पष्ट कसे सांगावे?

दुसरे असे की, लक्ष हे केवळ कौतुक नसते, ती देखरेखही असते. ज्या कचेरीत कोणी डोकावत नाही तेथे नियम शिथिल होतात, हा आमचा जन्माचा अनुभव आहे. 2024-25 च्या हंगामाअखेर विजेतेपदाचा करंडक चर्चिल ब्रदर्सच्या हाती देण्यात आला. खेळाडूंची पात्रता आणि नोंदणी यांवरून वाद पेटला, प्रकरण स्वित्झर्लंडमधील क्रीडा लवादापुढे गेले आणि जुलै 2025 मध्ये इंटर काशी हा संघ विजेता ठरला. मैदानावरचा निकाल परदेशातील लवादाने तीन महिन्यांनी लावावा, ही गोष्ट पहिल्या पायरीवर घडती तर देशभर गदारोळ उठला असता. दुसऱ्या पायरीवर घडली म्हणून ती आतल्या पानावर गेली.

तिसरी गोष्ट निष्ठेची. धेंपोसारखा नामवंत संघ 2016 मध्ये राष्ट्रीय साखळीतून बाजूला झाला. पुढे तिसऱ्या पायरीवर खेळून, पात्रता मिळवून 2024-25 मध्ये आय-लीगमध्ये परतला. मुंबईचा केंकरे संघ दोन हंगाम तेथे झगडला आणि 2023 मध्ये खाली गेला. कोणी टाळ्या वाजवो न वाजवो, नियमाने चढणे आणि नियमाने उतरणे यात एक सचोटी आहे. जो वर जाण्याची संधी मागतो त्याने खाली जाण्याची जोखीमही पत्करावी, हा न्याय या दुर्लक्षित स्पर्धेने पाळला.

मग आपण करावे काय? येथून मडगाव किंवा आयझॉल गाठणे प्रत्येकाला शक्य नाही. पण कामठीची मैदाने आमच्यापासून फार दूर नाहीत, आणि तेथील फुटबॉलची परंपरा जुनी आहे. आपल्याच राज्यातील शहडोलजवळच्या विचारपूर गावाने घरोघरी खेळाडू घडवले, ते 2023 मध्ये पंतप्रधानांनी उल्लेख केल्यावर देशाला ठाऊक झाले. त्यापूर्वीही तेथील मुले रोज खेळतच होती. कोणी उल्लेख करीपर्यंत थांबू नये, एवढेच आमचे म्हणणे. वर्तमानपत्रातली गुणतक्त्याची लहान चौकट वाचावी, जमेल तेव्हा एखादा सामना पाहावा, आणि तालुक्याच्या मैदानावर मुले चेंडू खेळताना दिसली तर घटकाभर थांबून त्यांचा खेळ बघावा. आपल्याकडे कोणी लक्ष द्यावे अशी ज्यांची अपेक्षा असते, त्यांनी इतरांना ते देण्यात कंजुषी करणे शोभत नाही.