हाडांना विचारून

सावकाश वाचा. मध्येच थांबलात तरी चालेल.

सोलापुरातल्या एखाद्या घरी, रात्री, चारपाच मित्र एका मेजाभोवती बसले आहेत असे समजा. वीस बाजूंचा फासा, कागदांवर लिहिलेली पात्रे, मधोमध हाताने काढलेला नकाशा. त्यांतले एक पात्र आत्ताच मेले आहे. खेळ तुम्ही चालवत आहात आणि मृताला परत आणणारा एक काळा मंत्र तुम्हाला रचायचा आहे. कवटी, स्मशानातली राख, अमावस्या असे काहीबाही आधी मनात येईल. येऊ द्या. मग ते बाजूला सारा आणि विचारा, या मंत्रात काळे नेमके काय असेल?

आपल्याकडचा जुना मंत्र आठवा. शुक्राचार्यांची संजीवनी विद्या. असुरांनी शुक्राचार्यांचा शिष्य कच याला वारंवार मारले आणि शेवटी त्याची राख मद्यात कालवून गुरूलाच पाजली. मुलगी देवयानी हिच्या हट्टामुळे शुक्राचार्यांनी पोटातल्या कचाला विद्या शिकवली. कच पोट फाडून बाहेर आला आणि त्याच विद्येने त्याने मेलेल्या गुरूला उठवले. खाडिलकरांचे 1913 सालचे ‘विद्याहरण’ हे नाटक याच कथेवरचे. पुढे देवयानीने लग्नाची गोष्ट काढली. कच म्हणाला, तू ज्या देहातून जन्मलीस त्याच देहात मी राहिलो, तू माझी बहीण. माझ्यामुळे परत आला म्हणजे माझ्यासाठीच परत आला, असे तिला वाटले होते.

इथे थोडे थांबा. तुम्ही कुणाला परत बोलवाल? एखादे नाव वर येईल. मोठ्याने म्हणू नका, त्याच्याजवळ नुसते बसा. त्या माणसाने परत येऊन काय करावे असे तुम्हाला वाटते? पुन्हा हाक मारावी? राहिलेले भांडण मिटवावे? हातातले काम पुरे करावे? जे उत्तर येईल त्याला चांगले-वाईट ठरवू नका. ते उत्तर कुणाच्या गरजेचे आहे, एवढेच पाहा.

अमेरिकेत 1974 साली निघालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या अशाच खेळाच्या 2014च्या नियमांत मृताला उठवणाऱ्या एका मंत्रासाठी 500 सुवर्णमुद्रांचा हिरा लागतो आणि मृत्यूला 10 दिवसांपेक्षा जास्त झालेले चालत नाहीत. मला त्यातली वेगळीच अट मोलाची वाटते. आत्म्याला यायचे नसेल तर मंत्र फळत नाही. त्याच नियमांत दुसरा एक मंत्र आहे. हाडांच्या ढिगातून सांगाडा उठतो आणि उठवणाऱ्याचा हुकूम पाळतो. त्याची इच्छा कुणी विचारत नाही. माझ्या मते काळेपणा तिथे आहे. राख आणि कवट्या नसल्या तरी तो मंत्र तितकाच काळा राहील.

आता मनानेच सोलापूरहून मंगळवेढ्याला या. काळी कसदार जमीन, ज्वारीचे गाव. इथे गावकुसाच्या भिंतीचे काम चालले असताना ती कोसळली आणि खाली मजूर गाडले गेले. त्यांत संत चोखामेळा होते. शके 1260, म्हणजे 1338. कथा सांगते की नामदेव महाराज मंगळवेढ्याला आले तेव्हा ढिगाऱ्यात कुणाची हाडे कोणती हे ओळखता येत नव्हते. त्यांनी एकेक हाड कानाशी धरले. ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची.

या प्रसंगापाशी जितके थांबता येईल तितके थांबा. सुलतानापुढे मेलेली गाय जिवंत केली, अशी आख्यायिका ज्यांच्याविषयी सांगतात तेच हे नामदेव. गाय उठवणाऱ्याने शिष्याला मात्र उठवले नाही. का, हे कथा सांगत नाही. मला वाटते, चोखोबांना उठवणे म्हणजे त्याच भिंतीपाशी पुन्हा उभे करणे होते. जन्मभर दुसऱ्यांनी सांगितलेले काम केलेल्या माणसाच्या हाडांना नामदेवांनी काहीच सांगितले नाही. ती काय म्हणतात ते त्यांनी ऐकले, आणि जे ऐकले त्याच्याजवळ ती पोहोचवली. हाडे पंढरपूरला आली, महाद्वारासमोर समाधी झाली.

महाद्वाराच्या आत नव्हे, समोर. हेही मनात राहू द्या, ते घाईने सोडून देण्यासारखे नाही. चोखोबांच्या, अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला ते दार खुले झाले साने गुरुजींनी मे 1947 मध्ये पंढरपुरात केलेल्या उपोषणानंतर. मधल्या सहा शतकांत कुणाजवळ खरोखर तो मंत्र असता आणि त्याने चोखोबांना हाक मारली असती, तर डोळे उघडल्यावर ते कुठे उभे असते? आणि हाक मारणाऱ्याने त्यांना आधी काय विचारायला हवे होते?