दुसऱ्याच्या वाट्याची शिक्षा

पापी माणसाला कधीच न संपणारा नरक आणि त्यातून सुटकेसाठी एका निष्पापाचे मरण: ख्रिस्ती धर्मातल्या या दोन शिकवणींनी कित्येकांची झोप उडवली. त्यांतले बरेच जण श्रद्धावंत होते. देव चांगला आहे हे त्यांनी मनापासून मानले होते, म्हणूनच त्यांना प्रश्न पडला.

तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचा धर्मचिंतक ओरिजेन याने देवाच्या शिक्षेकडे वैद्याच्या उपचारासारखे पाहिले. ती बरे करण्यासाठी असेल, तर तिला शेवटही असेल, अशी त्याला आशा होती. पुढे धर्माचार्य ऑगस्टीनने नरक अक्षय ठरवला आणि पश्चिमेत तेच मत रुजले.

१०९८च्या सुमारास कँटरबरीच्या अँसेल्मने वधस्तंभाचा अर्थ लावला तो सरंजामी काळाला साजेसा. ज्याचा मान दुखावला तो जेवढा थोर, तेवढा अपराध मोठा. देव अनंत, म्हणून ऋणही अनंत; ते ख्रिस्ताशिवाय कोण फेडणार? सोळाव्या शतकात धर्मसुधारक काल्व्हिनने न्यायालयाची भाषा आणली. तो कायदा शिकलेला होता. आमच्या वाट्याचा दंड ख्रिस्ताने भोगला, असे त्याने शिकवले.

निष्पापाचे रक्त किंमत म्हणून मागणे क्रूर नाही का, असे तत्त्वज्ञ अबेलार्डने बाराव्या शतकातच विचारले होते. १५९४मध्ये छापलेल्या ग्रंथात धर्मचिंतक फाउस्तो सोझिनीने मुळावरच बोट ठेवले. कर्ज दुसऱ्याने फेडले तरी चालते, पण दोष दुसऱ्याच्या नावावर चढवता येत नाही. शिवाय सगळी वसुली झाल्यावर माफ करायला उरते काय? दोष असा हस्तांतरित होत नाही, हे तत्त्वज्ञ कांटनेही १७९३मध्ये मांडले.

एकोणिसाव्या शतकात, शिक्षेने माणूस सुधारावा हा विचार इंग्लंडच्या तुरुंगांपर्यंत पोचत असताना, नरकाचा प्रश्न पुन्हा पेटला. अनंतकाळच्या शिक्षेचा रूढ अर्थ नाकारल्यामुळे एफ. डी. मॉरिस यांना १८५३मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजातली प्राध्यापकी गमवावी लागली. अकराच वर्षांनी, चर्चच्या खटल्यांचे अखेरचे न्यायासन असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला, की पाप्यांनाही अखेर क्षमा मिळेल अशी आशा बाळगणे हा पाद्र्याचा गुन्हा नाही. डार्विनने आत्मचरित्रात, श्रद्धा नसल्याबद्दल आपले वडील, भाऊ आणि जिवलग मित्र यांना अनंत यातना देणारी शिकवण धिक्कारली. १८८७च्या आवृत्तीतून हा मजकूर वगळला गेला. तो १९५८मध्ये छापला गेला.

या शिकवणींच्या समर्थकांचे एक म्हणणे मला मोलाचे वाटते: ज्याच्यावर अन्याय झाला, त्याच्या दुःखावर क्षमेचे पांघरूण सहज घालता येत नाही. क्षमेची किंमत असतेच. ती क्षमा करणारा स्वतः सोसतो. सोसणे वेगळे आणि कुणाला तरी शिक्षा करून हिशेब मिटवणे वेगळे.

ख्रिस्तानेच सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीतला बाप लांबूनच मुलाला पाहतो आणि धावत जाऊन गळ्यात पडतो. धाकट्याने उधळलेल्या पैशांसाठी तो थोरल्याला फटके मारत नाही. आणि थोरला रुसून बाहेर थांबतो तेव्हा त्याची समजूत घालायलाही बापच बाहेर येतो.