देवाच्या रानात

पेणहून रोह्याकडे रेल्वेने निघालं की कासू, नागोठणे, निडी अशी स्टेशनं मागे पडत जातात. वैशाखात खिडकीतून दिसतं ते करपलेलं गवत, राब भाजून काळी पडलेली शेतं आणि उतारावरचे बोडके साग. त्यात मध्येच गर्द हिरवा पट्टा दिसला, तर तिथे बहुधा देवाची वस्ती असते. कुठे काळकाई, कुठे वाघजाई, कुठे बहिरी. तुमच्या ओळखीची अशी एखादी राई असेल, ती डोळ्यांपुढे आणा. आज तिथेच जायचं आहे. आज मागणं काही नाही, नवसही नाही.

राईच्या कडेलाच चपला काढा. देऊळ कुठे सुरू होतं हे विचारू नका; सावली लागली तिथेच ते सुरू झालं.

आता पाऊल हळू टाका. तळव्याखाली वाळका पाला कुरकुरेल. जरा खाली बसा आणि बोटांनी तो बाजूला सारा. वरची पानं कोरडी, त्याखालची मऊ, त्याहीखालची नुसती शिरांची जाळी उरलेली. मग काळी, गार माती आणि तिच्यातून गेलेले बुरशीचे पांढरे धागे. बाहेरच्या रानातला पाला राबाला जातो, फांदी चुलीत जाते. इथली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, ही जुनी शिस्त. अशीच शिस्त जपानातही आहे. टोकियोतलं मेइजी देवस्थान १९२० साली उभं राहिलं. त्याच्याभोवतीचं रान माणसांनीच लावलेलं, सुमारे एक लाख झाडांचं. तिथेही वाटेवर पडलेली पानं झाडून पुन्हा झाडांखालीच टाकतात. त्या पानांवर तिथल्या झाडांचाच हक्क आहे, हे इथल्याप्रमाणे तिथेही मानलं गेलं.

हात पुसू नका. ती माती बोटांवर तशीच राहू द्या आणि श्वास येईल तसा येऊ द्या. मान वर करा. आंबा, बेहडा, किंजळ. आणि त्यांना धरून वर गेलेला गारंबीचा जाडजूड वेल. त्याच्या शेंगा हातभराहून लांब असतात. हा वेल कुणाच्या आज्याच्या काळी रुजला असेल, याचा हिशेब नको. नुसतं पाहत राहा.

बघता बघता झाडाच्या बुंध्याशी दगड दिसेल. शेंदूर लावलेला, न घडवलेला. इथे थोडा वेळ थांबू. इथून जवळच, पेणच्या कारखान्यांत, गणपतीच्या मूर्ती घडतात. तिथे डोळ्यांची आखणी झाली की मूर्ती आपल्याकडे बघू लागते. त्या हातांचं कसब मोठंच आहे. पण या दगडाला डोळे नाहीत, सोंड नाही, हात नाहीत. त्याच्याकडे बघताना नजर कुठे ठेवावी कळत नाही, मग ती आपोआप बाजूला सरकते. मुळांवर, वेलावर, उन्हाच्या कवडशावर. सरकू द्या. जपानात नाराजवळ ओमिवा नावाचं फार जुनं देवस्थान आहे. तिथे देवासाठी गाभारा बांधलेलाच नाही. मागचा मिवा डोंगर हाच देव. लोक त्या डोंगरालाच हात जोडतात. तुमची नजर आता जिथे फिरते आहे, तिथेही हात जोडता येतील.

आता कान द्या. कुठेतरी पाणी आहे. वैशाखात, सगळीकडे विहिरींचा तळ दिसत असताना, इथला झरा बारीक का होईना वाहतो. पावसाचं पाणी त्या पाल्याच्या थरात थबकतं, मुळांवाटे खाली मुरतं आणि सवडीने बाहेर येतं. १९७०च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ महाराष्ट्रातल्या देवरायांची नोंद करत होते. तेव्हा याच जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावचे लोक आपल्या काळकाईची राई तोडीपासून वाचवायला धडपडत होते. देवी आणि पाणी या त्यांच्या लेखी दोन गोष्टी नव्हत्या.

देवाची अशी रानं जपानातही तुटली. तिथल्या सरकारने १९०६ साली लहान देवस्थानं मोठ्यांत विलीन करायचं ठरवलं. रिकाम्या झालेल्या देवस्थानांची रानं तुटू लागली आणि मिनाकाता कुमागुसू हा निसर्गाचा अभ्यासक त्याविरुद्ध झगडला. तिथे हुकूम होता. आपल्याकडे पुष्कळदा राई तुटते ती भक्तीनेच. देव उन्हापावसात उघडा बसलाय याचं वाईट वाटतं, जीर्णोद्धाराची वर्गणी निघते, स्लॅब पडतो, फरशी येते, गाड्या वळवायला जागा लागते. हे करणाऱ्यांची माया खोटी नसते, म्हणूनच त्यांना अडवणं जड जातं.

म्हणून उठण्याआधी बुंध्याला टेकून आणखी जरा बसा. पाठीला लागलेला बुंधा, बोटांवरची माती, पाण्याचा आवाज, हे सगळं नीट अंगात भिनू द्या. गावच्या बैठकीत देवाला छप्पर हवं असा विषय निघेल, तेव्हा तुम्हाला बोलावं लागेल. नकाशा किंवा कायदा हाताशी नसला तरी चालेल. इथे काय आहे ते सांगता आलं पाहिजे.