परक्यानें काय शिकावें, आणि कोणापासून?

नव्या देशांत वस्तीस आलेल्या मनुष्यानें तेथील काय स्वीकारावें? पोशाख, अन्न, बोलण्याची ढब? कीं यांहून खोल असें कांहीं आहे? द्राक्षांच्या हंगामांत आपल्या नाशिक जिल्ह्यांत दूरदूरचे मजूर उतरतात, आणि आपल्या मंडळ्यांतील तरुण पोटासाठीं मुंबईपुण्यास जातात. तेव्हां हा प्रश्न खेड्यांतील मंडळीच्या दाराशींच उभा आहे.

याचा एक दाखला आपल्या नाशकांतच घडला. चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्ह. विल्यम सॉल्टर प्राइस यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती वसविली. इंग्रजी आरमारानें गुलामांच्या गलबतांवरून सोडविलेलीं आफ्रिकी मुलें तेथें आणण्यांत आलीं. त्यांचे आईबाप, भाषा व गांव हीं सर्व हरपलीं होतीं. तेथें तीं अक्षरें शिकलीं, सुतारकी व लोहारकी शिकलीं. पण एवढेंच शिकलीं काय?

जेकब वेनराइट हा त्यांपैकीं एक. डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्या साहाय्यास तो १८७२ सालीं आफ्रिकेंत गेला. १८७३ च्या मे महिन्यांत साहेबांचें देहावसान झालें, तेव्हां त्या अरण्यांत हुकूम करणारा कोणी उरला नव्हता. जेकबनें प्रेतविधीच्या प्रार्थना वाचल्या व झाडावर त्यांचें नांव कोरलें. मग त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं तो देह कित्येक महिने वाहून समुद्रकांठीं पोंचविला. कोणी पाहत नसतांहि विश्वास राखावा, ही गोष्ट त्यांनीं पोशाखाबरोबर उतरवून ठेविली नाहीं.

शरणपुरांतील कित्येक जण पुढें मोंबासाजवळ गेले. १८७४-७५ सालीं तेथें फ्रेरेटाउन वसलें. जन्मखंडांतहि ते आतां परकेच होते! त्या किनाऱ्यावर गुलामगिरी अद्याप कायदेशीर होती. पळून आलेल्या गुलामांस आश्रय देऊं नये, असा धन्यांचा आग्रह असे. तरी शरणपुरांत शिकलेले विल्यम जोन्स यांनीं राबाई येथें पुष्कळांस थारा दिला. अखेर १८८९ च्या आरंभीं धन्यांस मोबदला देऊन हजारांहून अधिक जणांस मुक्ततेचे दाखले मिळाले.

येथें कोणी म्हणेल, नवागतानें देशाचा कायदा पाळूं नये काय? अवश्य पाळावा. रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायांत पौल हाच बोध करितो. पण कायदा आणि न्याय यांत अंतर पडलें, तर दुर्बळास धन्याच्या हातीं परत देणें हें आज्ञापालन नव्हे. अशा वेळीं मोल देऊन, उघडपणें व शस्त्रावांचून मार्ग काढावा. राबाई येथें शेवटीं मार्ग निघाला तो असाच.

आतां आपल्याकडे वळूं. १९५० पासून आपल्या देशाची राज्यघटना न्याय, स्वातंत्र्य, समता व बंधुता यांवर उभी आहे, आणि तिच्या सतराव्या कलमानें अस्पृश्यता नाहींशी केली आहे. परक्यानें शिकावें तें हेंच. परंतु ज्या गांवांत पाणवठा अजून मनांत वेगळा आहे, ज्या मंदिरांत मंडळी जुन्या जातीप्रमाणें बसते, तेथें तो हें कोणापासून शिकणार? आपण जें तोंडानें सांगतों तें तो ऐकतो खरा, पण शिकतो तें मात्र आपण जें करितों तें.

म्हणून, उपदेशकबंधूंनो, मळ्यावर आलेल्या मजुराचें नांव विचारा. त्याची मजुरी आधीं ठरली कीं नाहीं तें पाहा. त्यास कागद वाचतां येत नसेल तर वाचून दाखवा, आणि उपासनेंत त्यास शेवटची जागा देऊं नका. इस्राएल लोकांस देवानें वारंवार आठवण दिली कीं, तुम्हीहि मिसरांत परके होतां. आपणहि एके काळीं बाहेर उभे होतों, आणि कोणी तरी आपणांस आंत बोलाविलें. तें दार आपल्या हातून लागूं नये, एवढी कृपा प्रभु आपणांवर करो.