फळ न देणारे झाड

मनुष्याने आपल्या दारात जे झाड लाविले, त्याने फळ दिलेच पाहिजे काय? ज्याच्याजवळ चार हात जागा व दोन घागरी पाणी एवढेच वैभव आहे, त्याने ते केवळ फुलांसाठी खर्चावे, हे योग्य की अयोग्य? प्रश्न लहान दिसतो. परंतु त्याच्या पोटात एक मोठा प्रश्न आहे, म्हणून त्याचा येथे विचार करितो.

शहादे तालुक्यातील पुरुषोत्तमनगर हे साखर कारखान्याचे गाव. भोवताली ऊस, केळी, पपई व कापूस. जो वाफा काही देत नाही, तो तेथे कोणी ठेवीत नाही. जवळच्या एका वस्तीत आमच्या परिचयाचे एक गृहस्थ राहतात. सैन्यातील नोकरीमुळे ते काही वर्षे हिमाचल प्रदेशात होते. तेथे त्यांनी क्रॅबॲपल नावाचे झाड पाहिले. हे सफरचंदाच्याच कुळातले. पण त्याचे फळ दोन इंचांहून मोठे होत नाही, आणि बहुधा इतके आंबट की तोंडात धरवत नाही. वसंतात मात्र ते पांढऱ्या व गुलाबी फुलांनी भरून जाते. नोकरी संपवून परत येताना त्यांनी त्याचे एक कलम आणिले व दारात लाविले. वर ओल्या गोणपाटाची सावली केली. तरी पहिल्याच वैशाखात ते वाळले. या झाडास हिवाळ्यात सात अंशांखालील थंडी शेकडो तास मिळावी लागते. तापीकाठी पारा चाळिसांच्या वर जातो. नुसत्या मायेने झाड जगत नाही. त्याला काय मानवते हे आधी जाणावे लागते.

पुढे त्यांनी त्याच खड्ड्यात बहावा लाविला. हा सातपुड्याचाच रहिवासी. याच्या बीचे कवच कठीण असते. ते दगडावर किंचित घासून, पाण्यात टाकून एक दिवस भिजू द्यावे, मग पेरावे. दीड हात खोल खड्डा, शेणखत, भोवती काटेरी कुंपण आणि दोन उन्हाळे पाणी, एवढे केले म्हणजे पुढे ते बहुधा आपले आपण जगते. फुलांसाठी मात्र काही वर्षे वाट पाहावी लागते.

शेजारी म्हणत, “अण्णा, याची भाकर होते काय? पपई लावली असती तर वर्षाच्या आत फळ हाती आले असते.” हिशेब खरा होता. आम्हीही मनात तेच म्हटले, हे कबूल करितो.

आमचे एक उपदेशकबंधू तर म्हणाले, “निष्फळ अंजीर तोडण्याचा दाखला आपणच सांगतो ना?” याचे उत्तर असे की, अंजिरापासून अंजिराची अपेक्षा करणे न्याय्य आहे, बहाव्याने अंजीर दिले नाही म्हणून त्याजवर कुऱ्हाड घालणे न्याय्य नव्हे. शिवाय त्या दाखल्यातला माळीदेखील आणखी एक वर्ष खणण्याची व खत घालण्याची परवानगी मागतो.

आणखी एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. जे गृहस्थ १९०४ साली कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी अमेरिकेहून आले, त्या सॅम्युएल स्टोक्स यांनी १९१६ च्या सुमारास हिमाचलातील कोटगढ येथे तांबड्या सफरचंदांची लागवड केली. पुढे त्या डोंगरांत बागाच बागा झाल्या. पण या सफरचंदाच्या फुलांत त्याच जातीचा पराग पडून फळ धरत नाही. परक्या जातीचा पराग लागतो. म्हणून तेथील बागाईतदार मधूनमधून क्रॅबॲपल लावितात. मधमाश्या त्याचा पराग नेतात आणि शेजारची झाडे फळांनी वाकतात. ज्याचे फळ कोणी विकत घेणार नाही, त्याच्या आधाराने बाग पिकते!

तथापि एवढ्याने आमचे समाधान झाले नाही. कारण ‘शेवटी त्याचाही उपयोग निघाला’ इतकेच यावरून ठरते. उपयोग निघालाच नसता तर? याचे उत्तर आम्हास त्याच अंगणात मिळाले. त्या गृहस्थांची वृद्ध माता तीन वर्षे बाजेवर होती. गेल्या ज्येष्ठात बहावा पिवळ्या घोसांनी लवला होता, आणि तिची बाज दारात आणून ठेविली होती. आम्ही पपईची गोष्ट काढिली, तेव्हा ते हळूच म्हणाले, “पाळकसाहेब, दारातल्या झाडाला रोज ‘तू काय देतोस’ विचारू लागलो, तर तीच सवय घरात शिरते.” आम्ही निरुत्तर झालो.

वाचकहो, येथे मर्यादाही सांगितली पाहिजे. लेकरांच्या तोंडचा घास व पिण्याचे पाणी प्रथम; फुलझाडास भांडी विसळलेले पाणी पुरे आहे. पेरणीची जमीन त्यासाठी अडवू नये. आणि समारंभात रोप लावून पंधरवड्यात विसरणे, हे न लावण्याहून वाईट. कारण जे आपण हाती घेतले, त्याचे आपण देणेकरी होतो.

येत्या मृगात ज्यास साधेल त्याने कुडाच्या कडेला एक बहावा लावावा, आणि दोन उन्हाळे त्यास पाणी घालावे. तो आपणास काय देईल, हे त्या दोन वर्षांत एकदाही विचारू नये.