शेवटी येणारा ‘ला’

१३ जुलै १८१३. ऐन पावसाळ्यात एक अमेरिकन मिशनरी जोडपं रंगूनला उतरलं. अ‍ॅडोनिराम जडसन चोवीस वर्षांचा, त्याची बायको अ‍ॅन तेवीस वर्षांची. त्यांना बर्मी शिकवायला जो गुरू मिळाला, त्याला इंग्रजीचा गंध नव्हता. मग धडे सुरू झाले ते बोट दाखवून. समोरच्या वस्तूकडे बोट करायचं, गुरू नाव सांगणार, आणि ते कानात जपून ठेवायचं. बाईमाणसाला शिकवणं त्या गुरूला आधी कमीपणाचं वाटलं. अ‍ॅन मात्र रोज येऊन बसत राहिली. तिलाही शिकवावं हा जडसनचाही आग्रह होता, तेव्हा कुठे गुरू तिच्याकडे लक्ष देऊ लागला.

जडसन दिवसभर ताडपत्रांवर मान वाकवून बसे. अ‍ॅनच्या वाट्याला घर आलं, आणि नोकरमाणसांशी बोलल्यावाचून घर चालत नव्हतं. काही काळाने तिने पत्रात लिहिलं की भाषेचं ज्ञान जडसनला कितीतरी जास्त आहे, पण बोलायला आणि लोकांचं बोलणं समजायला आपण त्याच्या पुढे आहोत. मोठेपणी नवी भाषा शिकू पाहणाऱ्या प्रत्येकाने हे पत्र वाचायला हवं. घरात काय हवं-नको ते रोज सांगावं लागलं, आणि त्या गरजेनेच तिची जीभ सैल केली.

जडसनच्या हुशारीबद्दल शंकाच नको. तरी दोन वर्षं उलटल्यावर त्याने लिहिलं, की फ्रेंचला आपण कधीकाळी दोनेक महिने दिले होते. पण आज एक फ्रेंच आणि एक बर्मी पुस्तक समोर ठेवून परीक्षा घेतली, तर आपण बेलाशक फ्रेंच उचलू.

एवढं अवघड काय आहे या भाषेत? मराठी माणसाला पहिल्या दिवशी तर काहीच अवघड वाटत नाही. गोल गोल अक्षरांची ती लिपी ब्राह्मीच्याच कुळातली. व्यंजनं तेहतीस, आणि क्रम आपलाच: क, ख, ग, घ, ङ. माणूस खूश होतो आणि तिथेच फसतो. कारण ‘च’ लिहिलेला असतो आणि वाचायचा ‘स’. ‘स’ लिहिलेला असतो, तो मात्र जीभ दातांत धरून ‘थ’सारखा उच्चारायचा, म्हणून पालीतलं ‘सासन’ बर्मी तोंडात ‘थाथना’ होतं. ‘ट’वर्ग वर्णमालेत आहे, पण उच्चार ‘त’वर्गाचाच. लिहिलेला ‘र’ बहुतेक ठिकाणी ‘य’ होतो. रंगूनचं यांगोन झालं ते काही कुणी नवं बारसं केलं म्हणून नव्हे. तिथले लोक स्वतः तसंच म्हणत होते. शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नाही, त्यामुळे एक शब्द कुठे संपला हे ज्याला शब्द आधीच ठाऊक आहे त्यालाच कळतं.

आणि सूर! ‘खा’ हे एकच अक्षर घ्या. खालच्या, सपाट सुरात म्हटलं तर हलवणं. वर चढवून लांबवलं तर कडू असणं. गळा आवळून झटकन सोडलं तर कुणाच्या सेवेत राहणं. शेवटी घशात तोडलं तर मारणं. देवनागरीत हे चारही एकसारखेच दिसतात. म्हणून वहीत देवनागरीत शब्द उतरवून घेणारा मराठी विद्यार्थी मेहनतीने चुकीचंच पाठ करत असतो.

वाक्याचा सांगाडा मात्र मराठी माणसाला जवळचा. क्रियापद शेवटी. ब्रह्मदेशात ओळखीचं माणूस भेटलं की विचारतात, ‘थमिन सा पी बी ला?’ थमिन म्हणजे भात, सा म्हणजे खाणं, पी बी म्हणजे झालं, आणि ला म्हणजे आपला ‘का’. भात खाऊन झाला का? शब्दाला शब्द, त्याच क्रमाने. कोकणातल्या माणसाला तर हे वाक्य भाषांतर न करताच कळावं. ‘मिंगलाबा’ हा नमस्कार पुस्तकांत पहिल्या पानावर असतो, त्यात आपलं ‘मंगल’ही लपलेलं आहे, पण आपुलकी जेवणाच्या चौकशीत अधिक.

ब्रह्मदेशातच, मंडालेच्या तुरुंगात, १९०८ ते १९१४ या काळात लोकमान्य टिळकांनी पन्नाशी उलटल्यावर पुस्तकांवरून जर्मन आणि फ्रेंचचा अभ्यास केला. त्यांना त्या भाषांतले ग्रंथ वाचायचे होते, आणि ग्रंथ वाचायला डोळे पुरतात. बर्मी लोकांशी बोलायचं तर मात्र कान लागतो.

हे जॉन ओकेल यांनी फार नेमकं ओळखलं होतं. लंडन विद्यापीठाच्या प्राच्यविद्या संस्थेत त्यांनी अनेक दशकं बर्मी शिकवली. २०२० साली ते गेले. त्यांचा ‘बर्मीज बाय इअर’ हा ध्वनिमुद्रित अभ्यासक्रम इंटरनेटवर फुकट मिळतो, आणि लिपी येत नसली तरी सुरू करता येतो. त्यात प्रश्न ऐकू येतो, मग थोडी शांतता असते. तेवढ्या वेळात शिकणाऱ्याने घरात एकट्याने बसून, मोठ्याने उत्तर द्यायचं. मग बर्मी माणसाच्या आवाजात तेच उत्तर येतं, आणि आपला सूर किती चुकला ते लगेच कळतं.