थेंबातले जीव

गेल्या दिवाळीच्या सुटीत शाळेतले सूक्ष्मदर्शक यंत्र मी हेडमास्तरांच्या परवानगीने घरी आणले. वाळके गवत पाण्यात घालून चार-पाच दिवस ठेवलेल्या बरणीतला एक थेंब काचेवर घेतला आणि डोळा लावला. चपलेच्या तळव्यासारखे, लांबीला जेमतेम पाव मिलिमीटर भरणारे पॅरामीशियम अंगावरच्या लवेने पाणी कापीत धावत होते. काडी आडवी आली की मागे सरत, थोडे वळत आणि पुन्हा पुढे निघत.

नंतर धाकटी मुलगी बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "बाबा, थेंब सुकत चाललाय. मरतील ना ही?"

मी थेंब बरणीत सोडला. तेवढ्यात स्वयंपाकघरात पिण्याच्या पाण्याला आधण आल्याचा आवाज ऐकू आला, आणि मी ओशाळलो. त्या पाण्यातही जीव असतील म्हणूनच तर ते उकळायचे! थेंबावर दया आणि पातेल्याखाली जाळ. ही दया म्हणावी की ढोंग?

हॉलंडातल्या डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी लीवेनहूक याने १६७४ साली तळ्याच्या पाण्यात असले जीव स्वतः घासलेल्या भिंगातून पाहिले. पण महाभारताच्या शांतिपर्वात अर्जुन युधिष्ठिराला सांगतो, की नुसत्या तर्कानेच कळावेत आणि पापणी लवली तरी मरावेत, इतके सूक्ष्म जीव जगात आहेत. हिंसेवाचून कोणाचेच जगणे होत नाही, तेव्हा राजाने दंड टाकून वनात जाऊ नये, असा त्याचा मुद्दा.

हा युक्तिवाद मला खोडता येत नाही. पाणी उकळलेच पाहिजे. घरात लहान मूल आहे. पण हा युक्तिवाद फार सोयीचाही आहे. सगळे टळत नाही, म्हणून टळण्याजोगेही टाळायचे नाही, इथवर माणूस त्याच्या आधाराने सहज घसरतो.

मीही घसरलो आहे. साठ मुलांच्या माझ्या वर्गात एक मुलगा मागल्या बाकावर बसत असे. पुढे तो यायचा थांबला. महिन्याने पटावर त्याच्या नावापुढच्या गैरहजेऱ्या दिसल्या, तेव्हा त्याचा चेहराच आठवेना. "साठ जणांत कुणाकुणाकडे पाहणार?" असे मी सहकाऱ्यांना म्हणालो, आणि ते सर्वांना पटले. तेही अर्जुनाचेच उत्तर होते. फक्त अर्जुनाला ते जीव दिसत नव्हते, आणि माझा मुलगा पंधरा हातांवर बसला होता. त्याला पाहायला भिंग लागत नव्हते.

यंत्राने मला अहिंसक केले नाही. दिसत नव्हते, ही एक सबब तेवढी काढून घेतली. सुटी संपल्यावर हजेरी घेताना मी प्रत्येक नावाला मान वर केली. वेळ थोडा जास्त लागला, इतकेच.